खटावकरांनी घेतलेलं माप

“म्हणजे कोट घातला नाही तर जेवायलाच वाढणार नाहीत?” केबिनच्या दारामागे लावलेला कागद बोटानं ठोठावत आईनं विचारलं.

“वाढतील गं. पण वरच्या मजल्यावर, जिथं आपण सकाळी ताटल्या घेऊन फिरत होतो तिथं. खालच्या मोठ्या हॉलमध्ये आज कोटाशिवाय सोडत नाहीत.”

“आणि बायकांनी काय घालायचं?”

“गाऊन म्हटलंय. पण साडी चालते. साडी कुठंही चालते.”

“मग माझं काही अडत नाही,” आई म्हणाली आणि तिनं बॅगेतून जांभळी कांजीवरम काढून पलंगावर टाकली. शेजारी पांढरे कॅनव्हासचे बूट ठेवले. जहाजाच्या गुळगुळीत फरशीवर चपला सटकतात, हे पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून वर साडी आणि खाली बूट असा तिचा अवतार होता, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मी माझा बिनबाह्यांचा निळा गाऊन काढला तेव्हा तो उलटासुलटा करून ती म्हणाली, “बाह्या शिवायच्या राहिल्या वाटतं.”

मुंबईहून सुटून लक्षद्वीपला जाऊन परत येणारं ते जहाज होतं. आई-अण्णांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून माझ्या नवऱ्यानं, मंदारनं आणि मी उन्हाळ्यातच बुकिंग करून ठेवलं होतं, दिवाळीनंतरचं. अण्णा फलटणच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर खाकी. स्वतःच्या लग्नातही त्यांनी नेहरूशर्ट घातला होता. आणि आयुष्यभर जेवण डब्यातलं, टेबलाच्या कडेला, एका हातात माईक धरून. रात्री आठची वेळ म्हणजे सगळ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची वेळ. माझ्या लहानपणी अण्णा आमच्याबरोबर रात्री जेवायला बसलेत, असं मला आठवत नाही. म्हणून जहाजाच्या माहितीपत्रकात ‘रात्री आठ, सूट’ असं वाचल्यावर ते जे हसले होते, ते अजून माझ्या कानात आहे. “आठ वाजता बसून जेवायचं? आणि तेही कोट घालून? कुमुद, मी सूट शिवणार!”

शिवलाही. गडद निळा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या खटावकरांकडे. वैशाखात माप दिलं, आषाढाच्या आत सूट घरी आला. मग तो कपाटात टांगला गेला तो थेट जहाजावर उतरला.

मी ह्या सगळ्याकडे अर्ध्याच डोळ्यानं बघत होते. दुसरा डोळा जुईवर. जुई साडेतीन वर्षांची, आणि जहाजाला चारी बाजूंनी कठडा. मी तिच्या मनगटाला एक पट्टा बांधला होता, त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला. मंदार म्हणायचा, “केतकी, अगं ती काय शेळी आहे?” मी म्हणायचे, “असू दे.” तिनं खाल्लं किती, तिचं कपाळ गरम तर नाही, कठड्याच्या गजांतून तिचं डोकं जाईल की नाही, हे सगळं मला सारखं दिसत असायचं. अण्णा सकाळी इडलीचा एक तुकडा मोडून बाकीची जुईच्या ताटलीत सरकवायचे, तेव्हा मला बरं वाटायचं ते जुईनं इडली खाल्ली म्हणून.

संध्याकाळी आम्ही तयार होऊन आई-अण्णांच्या केबिनमध्ये गेलो. अण्णा आरशासमोर उभे होते.

कोट त्यांच्या अंगावर नव्हता, त्यांच्यावर टांगलेला होता. खांद्याच्या शिवणी दंडावर उतरलेल्या. छातीवर हवा. पँट पट्ट्यानं आवळली होती, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं, आणि कमरेभोवती कापड पोत्याचं तोंड बांधल्यासारखं गोळा झालं होतं.

जुई म्हणाली, “आजोबा, हा कोट बाबाचा आहे?”

“खटावकरांचा आहे,” आई ताडकन म्हणाली. “खटावकरांनी माती खाल्ली. मी तेव्हाच म्हटलं होतं, त्यांना आता दिसत नाही धड. माप एका माणसाचं आणि सूट दुसऱ्याचा. घरी गेल्यावर बघतेच त्यांच्याकडे.”

“जाऊ दे गं,” अण्णा म्हणाले. “म्हातारा झाला तो.”

“म्हातारा झाला तर दुकान बंद करावं! अख्ख्या गल्लीला सांगून आलेय मी. नवरात्रात घालून बघितला तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, जहाजावर गेल्यावर कदाचित बसेल.”

“जहाजावर गेल्यावर कसा बसेल?” मंदारनं हसून विचारलं.

“खारं वारं लागून आकसेल म्हटलं,” आई म्हणाली. सगळे हसले. अण्णा सगळ्यांत जास्त.

मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही बारीकही झालात पण.”

“मग? रोज पहाटे चालतो. साखर आटोक्यात ठेवायची म्हणजे काय गंमत आहे? आणि परवा साताऱ्याला हयातीच्या दाखल्यासाठी उन्हात उभा होतो तासभर.”

“त्याचं तर विचारूच नकोस,” आई म्हणाली. “पेन्शनवाल्यांना एकदा जिवंत आहे म्हणून सांगायला माणसाला किती वेळा साताऱ्याला जावं लागतं? ह्यांच्या महिनाभर खेपा चालल्यात. एकदा अंगठाच उठत नाही, एकदा मशीनच बंद.”

अण्णा आरशाकडे वळले. “वरच जेवू या का आपण? ताटल्या घेऊन? मला चालेल.”

“मला नाही चालणार,” आई म्हणाली. “चाळीस वर्षं थांबलेय मी आठ वाजता जेवायला. पट्टा काढा.”

बाथरूममध्ये जहाजवाल्यांनी साबणाबरोबर सुईदोऱ्याची एक चिमुकली डबी ठेवली होती. आईनं ती आणली. काळा दोरा नव्हताच त्यात, पांढरा होता.

“काढून देऊ का पँट?” अण्णांनी विचारलं.

“वेळ कुठाय? उभे राहा नुसते. कोट वर धरा.”

ती त्यांच्या पाठीमागे स्टुलावर बसली. सुई ओवली. मग दोऱ्याचा एक तुकडा तोडून तिनं त्यांच्यापुढं धरला.

“हे घ्या. दातांत धरा.”

“हे कशाला?” मंदारनं मला हळूच विचारलं. त्याच्या घरी असलं काही नव्हतं. मी सांगितलं, अंगावरचा कपडा अंगावरच शिवायची वेळ आली तर शिवून घेणाऱ्यानं दातांत दोरा धरायचा. का, ते नाही सांगितलं. माझी आजी सांगायची, अंगावर फक्त मेलेल्या माणसाचं शिवतात. म्हणून जित्या माणसानं दोरा दातांत धरायचा, म्हणजे यमाला कळतं की ह्याच्या दातांत अजून जोर आहे.

अण्णांनी दोरा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. आरशातून ते आईकडे बघत होते. आई दिसत नव्हती, तिच्या डोक्यावरचा फक्त गजरा दिसत होता.

“कुमुद,” ते म्हणाले. “एक सांगायचं होतं. ते साताऱ्याचं...”

आई उठली. त्यांच्या हातातला दोरा घेतला, स्वतःच्या हातानं त्यांच्या दातांत दिला आणि हनुवटीला खालून दोन बोटं लावून तोंड मिटलं. जुईला मी औषध दिल्यावर करते तसं.

“शिवताना बोलायचं नाही,” ती म्हणाली.

आणि परत मागे जाऊन बसली. जुई माझ्या मनगटाचा पट्टा ओढत होती. अण्णा दातांत दोरा धरून आरशात बघत उभे राहिले. आई पाठीमागे टाके घालत राहिली, लहान लहान, दाट, दोन बोटांचं कापड मधोमध घडी करून. शेवटी वाकून तिनं दातानं दोरा तोडला.

“झालं. चला. पहिल्या पंगतीला उशीर नको.”

दोरा अण्णांनी तोंडातून काढला आणि खिशात ठेवला. काय सांगायचं होतं, ते आईनं विचारलं नाही.

खाली हॉल असा होता की आई दारातच थांबली. “अगं बाई, हे तर मंगल कार्यालय आहे!” पांढरे टेबलक्लॉथ, घडी घालून उभे केलेले रुमाल, प्रत्येक ताटलीशेजारी चमच्यांची रांग. आजूबाजूला काळे कोट, बो, चमकणारे गाऊन. एक गुजराथी बाई आईच्या कांजीवरमकडे बघून “ब्यूटिफुल” म्हणाली आणि तिची नजर खाली बुटांवर गेली. आईनं साडीची कड जरा वर धरून तिला बूट नीट दाखवले.

अण्णा ताठ बसले होते. कोटाची बटणं लावलेली, दोन्ही हात टेबलावर. वेटर आला, वाकून म्हणाला, “गुड ईव्हिनिंग, सर.” अण्णांनी मान वळवून मागे बघितलं. मग कळलं, सर म्हणजे तेच.

घड्याळात आठ झाले तेव्हा त्यांनी जुईला मांडीवर घेतलं आणि हाताची मूठ तोंडासमोर धरून, डेपोतल्या त्या खर्जातल्या, किंचित नाकातून येणाऱ्या आवाजात सुरू केलं, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलटणहून लक्षद्वीपकडे जाणारी निमआराम गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे...” जुई खिदळत सुटली. शेजारच्या टेबलावरची माणसंही हसली. आईनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, हसतेय.

सूप आलं. अण्णांनी दोन चमचे घेतलं. मग जे जे आलं, ते कौतुकानं बघितलं, नाव विचारलं, एक तुकडा चाखला आणि ताटली आईकडे सरकवली. आई बोलता बोलता ती संपवत होती. ती कधी इतकं जेवत नाही. वेटर ताटल्या उचलायला यायचा तेव्हा दोघांच्याही रिकाम्या असायच्या.

शेवटी फोटोवाला आला. “ॲनिव्हर्सरी? प्लीज, स्टँड!” दोघं जिन्यापाशी उभे राहिले. मी जुईला घेऊन बाजूला, जरा मागच्या अंगाला होते, म्हणून मला दिसलं. आईनं उजवा हात अण्णांच्या पाठीमागे नेला, कोटाचं मोकळं कापड मुठीत गोळा केलं आणि घट्ट आवळून धरलं. समोरून कोटाची छाती भरली, खांदे वर आले. अण्णा एकदम सूट घातलेल्या माणसासारखे दिसायला लागले. फोटोवाला म्हणाला, “स्माइल, आंटी.” आईनं स्माइल दिलं. तिच्या मुठीची हाडं पांढरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुईचा विसरलेला स्वेटर घ्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेले. अण्णा मंदारबरोबर डेकवर होते. आई पलंगावर बसून सूट आवरत होती. पँट तिनं उलटी केली होती. कमरेच्या आतल्या अंगाला कालचे पांढरे टाके दिसले. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी टाके होते. काळ्या दोऱ्याचे, लहान, दाट. एक नव्हे, दोन ओळी.

मी हात लावून बघितलं. खटावकरांची शिवण मशीनची होती. हे हातटाके होते, आणि हे हात मी ओळखत होते. माझे सगळे फ्रॉक ह्याच टाक्यांचे.

“आई, हे कधी केलंस?”

“श्रावणात एकदा. नवरात्रात एकदा.” ती घडी घालत राहिली. “रोजच्या पँटी आवळत होते, तेव्हा हीपण आवळली. शर्टांच्या बगलांतूनही घेतलंय. ते दुपारी झोपले की घेते. ह्यांना काय कळतंय त्यातलं?”

“म्हणजे खटावकरांचं...”

“खटावकरांचं चुकलंच.”

“आई.”

“काय?”

मी तिच्याजवळ बसले. “तुला काय माहीत आहे?”

“मला काहीच माहीत नाही,” आई म्हणाली. कोटाच्या खांद्यावरचा एक केस तिनं चिमटीनं उचलला. “तुझे अण्णा सांगतील तेव्हा मला कळेल. त्यांना ही सहल करायचीय, केतू. मला कळलंय असं त्यांना कळलं, तर ते माझं तोंड बघत बसतील, समुद्र बघणार नाहीत. घरी गेल्यावर सांगतील ते. तोवर शिंप्याचं चुकलंय.” मग एकदम आवाज चढवून, “आणि तू तोंड धुऊन जा वर. असलं तोंड घेऊन जाऊ नकोस त्यांच्यापुढं.”

मी तोंड धुतलं. वर गेले.

मंदार जुईला पोहण्याच्या तलावाकडे घेऊन गेला होता. अण्णा एकटेच कठड्याशी, आरामखुर्चीत. ऊन कोवळं होतं. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली.

“जुईचा पट्टा नाही आज तुझ्या हाताला?”

“मंदारकडे दिलाय.”

“चांगलं केलंस. तुला जरा बसवायचंच होतं.” ते पाण्याकडे बघत होते. “केतू, मी साताऱ्याला दाखल्यासाठी जात नव्हतो.”

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

“पोटात आहे. स्वादुपिंड म्हणतात. गाडी फलाटाला लागलीय म्हणे. सुटायची वेळ तेवढी सांगत नाहीत.” ते हसले. “काल तिला सांगायला लागलो होतो, पण बरं झालं तिनं ते दोऱ्याचं काढलं. नाहीतर जेवणाचा विचका झाला असता. घरी पोचलो की सांगतो. तू आत्ता काही बोलू नकोस तिला. चाळीस वर्षं तिला रात्रीचं एकटीनं जेवायला लावलं, निदान हे चार दिवस तरी.”

“अण्णा, उपचार...”

“ते बघू ना. करू.” मग ते जरा सावरून बसले, आणि त्यांचा आवाज खरोखरच हलका झाला. “आणि इतकं काही बिघडलेलं नसणार बघ. डॉक्टर म्हणतात वजन उतरलंय, पण मला नाही वाटत. हा शर्ट दोन वर्षांपूर्वीचा आहे. ही पँटही. बघ, होतात ना अजून? तंतोतंत होतात. सुटाचं म्हणशील तर आई म्हणते तेच खरं, खटावकरांनी माप चुकवलंय. पहिल्यांदा मीही घाबरलो आरशात बघून. पण रोजचे कपडे कसे खोटं बोलतील?”

त्यांनी शर्टाची बाजू दोन बोटांत धरून मला दाखवली. काखेखाली शिवण होती. दाट, बारीक.

“होतात की,” मी म्हटलं. “अगदी नीट होतात.”

खाली जुई ओरडत होती, “आजोबा, गाडी सोडा!” अण्णांनी मूठ तोंडाशी नेली आणि गाडी सोडली.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी आईला सांगितलं. मी तिथंच होते. आईनं कप खाली ठेवला, मांडीवर हात ठेवले आणि पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं सगळं ऐकलं. कधी कळलं, कुठल्या डॉक्टरनं सांगितलं, दुखतं का, सगळं विचारलं. इतकं खरं की क्षणभर मलाच वाटलं, केबिनमध्ये ती वेगळंच काही बोलली असेल. शेवटी ती म्हणाली, “बरं. मग उद्या आपण दोघं जाऊ.”

अण्णा फाल्गुनात गेले. होळीच्या आधी. शेवटपर्यंत त्यांचे कपडे त्यांना नीट होत होते.

ह्याला आता काही वर्षं झाली. जुई शाळेत जाते, पट्टा कुठं गेला ते मला माहीत नाही. पण ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगायची राहिली.

मी फलटणला गेले होते. आई सकाळपासून पँट घेऊन बसली होती आणि टाके उसवत होती. पांढरे, मग काळे, मग आणखी काळे. सगळे काढून झाल्यावर तिनं कापडावर इस्त्री फिरवली आणि म्हणाली, “चल माझ्याबरोबर.”

खटावकर मशीनवर होते. आम्हाला बघून उठले, जाडा चष्मा कपाळावर सरकवला. अण्णांबद्दल दोन शब्द बोलून झाले. मग थोडा वेळ ते नुसते टेपशी चाळा करत राहिले.

“वहिनी,” ते म्हणाले, “बोलू नये असल्या वेळी. पण गल्लीतले लोक म्हणतात, तुमचं म्हणणं पडलं की माझं माप चुकलं. मी लई विचार केला. अण्णांचं माप मी पोरगा असल्यापासून घेत आलोय. कुठं चुकलं तेवढं मला दाखवा.”

आईनं सूट त्यांच्या टेबलावर ठेवला. पँटची कंबर पसरून दाखवली. “तुमच्या शिवणीला हात लावलेला नाही,” ती म्हणाली. “बघा.”

खटावकरांनी सवयीनं टेप लावली, आणि मान हलवली. “हे तर बरोबर आहे.”

“बरोबरच होतं. गल्लीतही मी सांगेन तसं.” मग पिशवीतून तिनं जहाजावरचा फोटो काढला. “हे बघा. घातला होता त्यांनी.”

खटावकरांनी चष्मा खाली ओढला आणि फोटो दाराशी उजेडात नेला. बराच वेळ बघितला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“क्या बात है! खांदा बघा कसा बसलाय. छाती बघा. साहेब दिसतात हो अगदी.” मग ते फोटो जरा जवळ नेऊन म्हणाले, “पण वहिनी, तुमचा हा उजवा हात कुठं गेला? दिसत नाही फोटोत.”

आईनं फोटो परत घेतला आणि पदरानं पुसला.

“आहे की,” ती म्हणाली. “मागं आहे.”